जुनं मराठी पुस्तक: फोनने स्कॅन करा, मग पुन्हा कागदावर आणा

एकदाच आवृत्ती निघाली आणि नंतर कोणी छापलंच नाही, अशी मराठी पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत आणि घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. तालुक्याचा इतिहास, संस्थेची स्मरणिका, पाकक्रियेचं पुस्तक, बंद पडलेल्या मासिकाचे दिवाळी अंक. मोठा प्रकाशक यांच्याकडे वळणार नाही. पण साधा स्मार्टफोन, एक काच, दोन दिवे आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं एवढ्यावर अशा पुस्तकाची चांगली डिजिटल प्रत होते, आणि तिच्यावरून नंतर वीस-पंचवीस छापील प्रतीही काढता येतात. ई-वाचनामुळे छापील पुस्तक संपणार का, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. या पुस्तकांना तरी पुन्हा कागदावर यायला डिजिटल प्रतीवाचून दुसरा रस्ता नाही.

एक अट सुरुवातीलाच. स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत रद्दीत द्यायची नाही. निसटलेलं पान, अंधुक फोटो, कापला गेलेला समास हे दोष बहुधा काही महिन्यांनी, कोणीतरी वाचायला घेतल्यावर सापडतात, आणि तेव्हा मूळ प्रत हाताशी लागते. शिवाय फाइल टिकेलच याची हमी कोणी देत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही वाचता येईनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही.

आधी कोणतं घ्यायचं

कामाला लागण्यापूर्वी ते पुस्तक आधीच कोणी स्कॅन केलंय का ते बघा. इंटरनेट अर्काइव्ह, मराठी विकिस्रोत (स्वयंसेवकांनी चालवलेलं मुक्त ऑनलाइन ग्रंथालय) आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय या तीन ठिकाणी शोधलं तरी पुष्कळ काम वाचतं. शोधताना नाव देवनागरीत टाकाच, पण रोमन लिपीतही दोन-चार तऱ्हांनी टाकून बघा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेल्या मराठी पुस्तकांची नावं नोंदवताना स्पेलिंगचे भलतेच घोटाळे झाले आहेत. सापडलं तर लगेच खूश होऊ नका. पहिलं, मधलं आणि शेवटचं पान उघडा, पानांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहा. पानं गळलेलं स्कॅन असेल तर पुस्तक पुन्हा करण्यासारखं आहे.

मग कागद तपासा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातलं लिग्निन आणि कागदाला शाई फुटू नये म्हणून घातलेली तुरटी-राळ यांच्यामुळे कागदात आम्ल वाढतं, आणि तो पिवळा पडून ठिसूळ होतो. ठिसूळपणा ओळखायची जुनी खूण अशी: शेवटच्या कोऱ्या पानाचा खालचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडायचा. तीन-चार फेऱ्यांतच कोपरा हातात आला, तर ते पुस्तक रांगेत पहिलं. त्याला काचेखाली दाबायचं नाही, पानही बोटाने न उलटता खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून उलटायचं.

पूररेषेत किंवा तळमजल्यावर असलेल्या वाचनालयाने वेगळा क्रम लावावा: जी पुस्तकं सर्वांत खालच्या फळीवर आहेत, ती आधी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. पुस्तकं वरच्या फळीवर नेण्याचं काम तर स्कॅनिंगच्याही आधीचं.

हक्काचा हिशेब

भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबायला हवं. दोन लेखक असतील तर नंतर गेलेल्याचं वर्ष धरायचं. टोपणनावाने आलेलं आणि लेखकाची ओळख उघड न झालेलं पुस्तक प्रकाशनापासून मोजायचं, तसंच लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेलंही.

फसगत होते ती तीन ठिकाणी. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकापेक्षा वेगळा असतो. प्रस्तावना लिहिणाऱ्याचा वेगळा, आणि मुखपृष्ठाच्या चित्रकाराचा आणखी वेगळा. जुन्या कादंबरीला नव्या आवृत्तीत कोणी विस्तृत प्रस्तावना जोडली असेल, तर तेवढी पानं वगळा किंवा जुनी आवृत्ती शोधा. दिवाळी अंकाचं तर विचारूच नका. प्रत्येक लेखाचा, प्रत्येक व्यंगचित्राचा धनी निराळा, त्यामुळे अख्खा अंक खुला करणं सहसा जमत नाही.

पण हक्क शिल्लक आहे म्हणजे स्कॅनच करता येत नाही असं नाही. ना-नफा तत्त्वावरच्या सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कलम ५२ देतं. दृष्टिहीनांसाठी वाचता येईल अशी प्रत करण्याचीही तरतूद त्याच कलमात आहे. फक्त ती फाइल जगाला वाटत सुटायचं नाही. वारसदार सापडत असतील तर एक पत्र पाठवून लेखी परवानगी मागा. घरच्या माणसाचं पुस्तक पुन्हा वाचलं जातंय म्हटल्यावर बरेच जण आनंदाने हो म्हणतात.

मांडणी

स्कॅनच्या आदल्या दिवशी पुस्तक सावलीत उघडं ठेवून हवा लागू द्या. उन्हात नको, उन्हाने कागद आणखी ठिसूळ होतो. मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने धूळ झाडा. कसर किंवा वाळवी जिवंत दिसली तर पुस्तक दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांवर उतरतो.

सामान फार लागत नाही. ४ मिलीमीटर जाडीची, १२ बाय १८ इंचांची साधी काच काचवाल्याकडून कडा घासून आणा. फोन धरायला स्टँड, किंवा टेबलाच्या दोन बाजूंना विटांच्या थप्प्या आणि त्यांवर आडवी फळी. फळीला कॅमेऱ्यापुरतं भोक. ९ वॅटचे एकसारखे दोन एलईडी दिवे, काळ्या कार्डशीटचे दोन तुकडे, आणि वेगवेगळ्या जाडीचे पुठ्ठे.

फोन पुस्तकाच्या बरोबर वर, पानांनी फोटोची चौकट जेमतेम भरेल इतक्या उंचीवर, जमिनीला समांतर. फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप वापरा. फोन तिरका राहिला की पान वर रुंद आणि खाली अरुंद येतं. वाइड लेन्स नको, तिने पानाच्या कडा वाकतात. दिवे डावी-उजवीकडून ४५ अंशांत ठेवा. काचेत दिवा चमकत असेल तर दिवा उंच न करता आणखी खाली आणि लांब न्या. खोलीतली ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, फ्लॅश बंद. काचेत फोनचंच प्रतिबिंब पडतं, म्हणून फोनखाली काळा कागद भोक पाडून चिकटवा. फोटोत आडवे काळपट पट्टे येत असतील तर तो स्वस्त एलईडीचा लुकलुकाट असतो. दिवा बदलला की पट्टे जातात.

किती पिक्सेल लागतात? मराठी मजकूर यंत्राने वाचायचा तर किमान ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवेत. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा. डेमी आकाराची (८.५ बाय ५.५ इंच) दोन पानं एकत्र घेतली तर रुंदी ११ इंच, म्हणजे ४००० भागिले ११, सुमारे ३६० डीपीआय. चाललं. दिवाळी अंकासारखं ९.५ बाय ७ इंचांचं पान असेल तर दोन पानांची रुंदी १४ इंच होते आणि आकडा २८५ वर घसरतो. तिथे एकेक पान घ्या, ४२० मिळतील. फोनमधल्या ५० मेगापिक्सेलच्या मोहात पडू नका. फाइल फुगते, तपशील त्या मानाने वाढत नाही.

फोटो काढताना

फोकस, प्रकाश आणि रंगसंतुलन पहिल्या पानावर लॉक करा, म्हणजे दोनशे पानं एकाच छटेची येतील. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून ब्लूटूथ रिमोट किंवा वायरच्या इयरफोनचं आवाजाचं बटण वापरा. स्कॅनर ॲपमधले 'मॅजिक' फिल्टर या टप्प्यावर नकोत, ते मूळ फोटोच बिघडवून ठेवतात. साध्या कॅमेऱ्याने काढा, सफाई नंतर.

पुस्तक सपाट उघडत असेल तर दोन्ही पानं एकदम घेता येतात. फक्त सुरुवातीला उजवी बाजू जाड आणि डावी पातळ असते. पातळ बाजूखाली पुठ्ठा सरकवून दोन्ही पानं एका पातळीवर आणा, आणि दर वीस-तीस पानांनी एक पुठ्ठा काढून दुसऱ्या बाजूला द्या. हे टाळलं की काच तिरकी बसते आणि कण्याजवळची अक्षरं धूसर येतात. घट्ट शिवणीचं पुस्तक जबरदस्तीने सपाट करू नका, कणा मोडतो. ते शंभर अंशांपर्यंतच उघडून एका बाजूला टेकवा. आधी सगळी उजवीकडची म्हणजे विषम पानं, मग पुस्तक फिरवून सगळी सम पानं. पुढे संगणकावर दोन्ही संच एकाआड एक लावायचे.

कागद पातळ असेल तर मागची छपाई पुढे दिसते. पानामागे काळी कार्डशीट सरकवली की ती बरीचशी दबते. अनेकजण तिथे पांढरा कागद ठेवतात आणि दोष आणखी वाढवतात.

पहिले पाच फोटो काढून थांबा. संगणकावर मोठे करून कोपऱ्यातल्या अक्षरांचे अनुस्वार आणि रफार सुटे दिसतात का ते बघा. फोनच्या पडद्यावर सगळंच छान दिसतं. त्यानंतर दर वीस पानांनी छापील पानक्रमांक आणि फोटोंची संख्या जुळवून घ्या. दोन पानं एकदम उलटली जाणं ही सर्वांत वारंवार होणारी चूक, आणि ती लगेच पकडली तरच स्वस्तात सुटते. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कोरी पानं, वाचनालयाचे शिक्के, किमतीची चिठ्ठी, मागच्या जाहिराती हे सगळंही घ्या. पुस्तक केव्हाचं आणि कुठून आलं ते पुष्कळदा त्यावरूनच कळतं. सरावाने २०० पानांचं पुस्तक पाऊण तासात होतं. फोटो संगणकावर नेताना केबलने न्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो.

सफाई

स्कॅन टेलर ॲडव्हान्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर याच कामाचं आहे. त्यात सहा टप्पे येतात: पान सरळ फिरवणं, जोडपान कापणं, तिरकेपणा काढणं, मजकुराची चौकट ठरवणं, समास आणि शेवटी फाइल तयार करणं. देवनागरीला शिरोरेघेचा फायदा मिळतो, तिच्यामुळे तिरकेपणा यंत्राला पटकन कळतो. चौकट मात्र प्रत्येक पानावर डोळ्यांनी तपासा. पानक्रमांक आणि पादटीप चौकटीबाहेर राहून जातात.

शेवटच्या टप्प्यात मजकुराला ६०० डीपीआयची काळी-पांढरी फाइल करा आणि चित्रांच्या पानांना मिश्र पर्याय द्या. इथे एक खास मराठी खड्डा आहे. ठिपके काढून टाकणारा 'डिस्पेकल' पर्याय इंग्रजी मजकुरात निरुपद्रवी असतो. आपल्याकडे तो अनुस्वार खातो. 'आंत' चं 'आत' झालं तर एक वेळ चालेल, पण 'मंत्री' आणि 'मत्री'? तो पर्याय बंद ठेवा, राहिले थोडे डाग तर राहू देत. काळ्या-पांढऱ्याची सीमा फार फिकट ठेवली तर वेलांट्या तुटतात, फार गडद ठेवली तर ध आणि घ यांच्या पोटातली जागा भरून दोन्ही सारखेच दिसतात. दहा पानांवर प्रयोग करून मग सगळ्यांना लावा.

मजकूर ओळखणं

फोटोतल्या अक्षरांचा शोधता येणारा मजकूर करायला टेसरॅक्ट हे मोफत साधन आहे. मराठीची भाषा-फाइल वेगळी घालावी लागते. ती न घालता चालवलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो. तेच इंजिन वापरून ओसीआरमायपीडीएफ हे साधन पानाच्या चित्रामागे अदृश्य मजकूर ठेवलेली पीडीएफ बनवतं. वाचनालयाला एवढं पुरतं. आज्ञा टाइप करण्याची सवय नसेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा. थोडी थोडी पानं करा, मोठी पीडीएफ अर्धवट वाचली जाते.

ठरावीक चुका आधीच माहीत असलेल्या बऱ्या. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ष-प या जोड्या उलटतात. 'ख' चा 'रव' होतो. 'वाऱ्यावर' चं 'वार्यावर' होतं. हा चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य संकेतात, दोन पद्धतींनी लिहिला जातो. दिसायला फरक नाही, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. एकच पद्धत ठरवून शेवटी सगळीकडे बदल करा. दोन स्तंभांचं पान आडवं सलग वाचलं जातं, तेव्हा स्तंभ आधीच कापून द्या. मोडीतला मजकूर यातलं कोणतंच साधन वाचत नाही.

नेमकेपणाच्या टक्क्यांना भुलू नका. ९८ टक्के म्हणजे उत्तम वाटतं, पण पानावर १५०० अक्षरं धरली तर पानागणिक ३० चुका. शोधण्यापुरतं हवं असेल तर चालतं, नव्याने छापायचं असेल तर प्रत्येक पान माणसाने वाचलंच पाहिजे. पानाला दहा मिनिटं धरली तर २०० पानांना तेहेतीस तास. मराठी विकिस्रोतावर हे काम वाटून घेता येतं: तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्या कोणी पुन्हा तपासलं की हिरवं. तिथे पुस्तक चढवताना भारतातला हक्क संपलेला असणं पुरत नाही, अमेरिकेतलाही बघतात. ९५ वर्षांहून जुनं पुस्तक निर्धास्त.

तपासताना हात आवरायला लागतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकात 'नाहीं', 'कांहीं', 'त्यांत' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात. ते चूक नाहीत, ते तसेच ठेवा. खिळे जुळवताना झालेली उघड चूकही मजकुरात न सुधारता वेगळ्या यादीत नोंदवा.

१९९० ते २०१० च्या दरम्यानच्या पुस्तकांची गोष्ट निराळी. डीटीपीवाल्याकडे (संगणकावर पानं जुळवणाऱ्याकडे) मूळ फाइल असते, पण ती श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवसारख्या जुन्या सांकेतिक फाँटांत. नुसती उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या त्या फाँटाचा युनिकोड परिवर्तक चालवला की बहुतेक मजकूर सुटतो, फक्त जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात. फाइल मिळाली तर स्कॅनच्या भानगडीत न पडता हाच मार्ग घ्या.

सांभाळायला मूळ फोटो, साफ केलेली पानं, पीडीएफ आणि साधा मजकूर अशा चारही अवस्था ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. पेन ड्राइव्ह हे वाहन आहे, कपाट नव्हे. फाइलींची नावं रोमन लिपीत, क्रमांक चार आकडी ठेवा, नाहीतर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं.

पुन्हा छापताना

साफ पानांची ६०० डीपीआय फाइल असेल तर जशीच्या तशी प्रतिमुद्रित आवृत्ती काढता येते, आणि संदर्भाच्या पुस्तकाला तीच शोभते, कारण पानक्रमांक बदलत नाहीत. नव्याने जुळवायचं असेल तर लिब्रेऑफिस रायटर पुरे. जुनं पेजमेकर युनिकोड देवनागरी नीट हाताळत नाही. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडा. काही फाँटांत त्यामुळेच ल आणि श हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे होतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मराठी वळणाचाच आहे.

पुस्तकाच्या मजकुराला ७० किंवा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा), किंचित पिवळसर छटेचा मॅपलिथो कागद घ्या. झगझगीत पांढरा कागद डोळ्याला टोचतो आणि मागची छपाईही जास्त दाखवतो. शिवण बांधणी हवी असेल तर पानं १६ च्या फर्म्यात (घडी घालून एकत्र शिवायच्या जुडीत) मोजा. २१२ पानं म्हणजे सव्वातेरा फर्मे, म्हणून चौदा फर्मे धरून २२४ पानं करा आणि उरलेल्या बारांत सूची किंवा शब्दार्थ घाला. चिकटवलेल्या बांधणीत कण्याकडचा समास २० मिलीमीटर ठेवा, त्याहून कमी ठेवला तर ओळींची टोकं कण्यात बुडतात. छापखान्याला एक प्रश्न विचाराच: कागदाचा तंतू कण्याला समांतर आहे ना? आडवा असेल तर पावसाळ्यात पानं नळीसारखी वळतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. आधी एकच नमुना प्रत काढून ती वाचून घ्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोन्नेमारा ग्रंथालयाला, मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते. वीस प्रती हव्या असतील तर चोवीस छापा.